वटहुकमाला ‘नाही’ म्हटलं

ती. आईस,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे, खोकलाही गेला. तुझा गुडघा काय म्हणतोय?

काल सभागृहात मला अक्षरशः किळस आली. मागच्या महिन्यात आमच्याच पक्षाच्या सरकारनं अधिवेशन मुदतीआधी गुंडाळलं आणि दुसऱ्याच दिवशी वटहुकूम काढला. सभागृह बसलेलं नसताना तातडीची गरज पडली, तरच राज्यघटना सरकारला ही मुभा देते. इथे मुभा मिळावी म्हणून सभागृहच उठवलं! कायदे आम्ही करायचे, अंमल त्यांनी करायचा. आता दोन्ही त्यांच्याच हातात.

काल तो वटहुकूम आमच्यापुढे मंजुरीला आला. विरोधक सभात्याग करून कॅन्टीनमध्ये भजी खात बसलेले. माझ्या शेजारचे सदस्य घोरत होते. होकाराची वेळ येताच झोपेतच "हो" म्हणून ओरडले. शिसारी आली गं.

मी उठून म्हटलं, "मतं मोजून घ्या."

आमचे पक्षनेते दात खात म्हणाले, "ताई, खाली बसा! पक्षाचा आदेश मोडलात तर सदस्यत्व जाईल. तिकीट कुणी दिलं तुम्हाला?"

"तिकीट तुम्ही दिलंत, मतं लोकांनी," मी म्हटलं आणि उभीच राहिले.

मतं मोजली. विरोधात फक्त माझं पडलं. वटहुकूम मंजूर झाला, बाकं वाजली.

पक्षाची माणसं घरी आली तर चहा दे, पण त्यांच्या सांगण्यावरून मला समजवायला बसू नकोस. बाबांना एवढ्यात काही सांगू नकोस, त्यांचं बीपी वाढेल.

आणि माझी खोली भाड्यानं देणार होतीस ना? सध्या राहू दे.

तुझी,
थोरली