जायची वाट

रविवार, ३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? मी मजेत. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि भाजी करपतेय म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र.

एक विचार आहे. नाही म्हणायच्या आधी शेवटपर्यंत वाच. दुधाची गाडी चालवण्यात तुझा जन्म गेला, पण स्वतःसाठी म्हणून तू कुठला रस्ता धरला नाहीस. आता निवृत्त झालीस, गाडी दारात उभी आहे. आपण दोघी लांब जाऊ या का? अगदी सीमेपलीकडे, समुद्रापर्यंत.

मी दिवसभर लॅबमध्ये कवळ्या करते. गुलाबी मेणात दात रोवताना हात आपले चालत राहतात आणि डोकं मोकळं असतं. त्या मोकळ्या डोक्यात हल्ली सारखा रस्ताच असतो. आधी घाट. तिथे सकाळी ढग रस्त्याच्या खाली असतात म्हणे, माणूस वर. मग ते मोठं तळं, त्याच्या काठाला लाकडी घरं, आणि पाणी इतकं स्थिर की घरं दोनदोनदा दिसतात. पुढे बाहुल्या करणाऱ्यांचं गाव. प्रत्येक खिडकीत अर्धवट रंगवलेले चेहरे वाळत असतात. मला ते बघायचंच आहे, आमच्या धंद्यातलेच ते. मग नदी. पुलाच्या एका टोकाला आपला झेंडा, दुसऱ्या टोकाला त्यांचा, मधला तुकडा कुणाचाच नाही. तिथे थांबू देत नाहीत, पण तू गाडी हळू चालव.

पलीकडे जर्दाळूच्या बागा, मग डोंगरातली लेणी. छतभर निळा रंग आणि त्यात उडणारी माणसं. आणि सगळ्यात शेवटी खाडीचं गाव. तिथे फेरीबोट चालते. चालवणारा माझ्या ओळखीचा आहे. म्हणजे त्याच्या आईची कवळी मी केली. बाईंना ती काही केल्या बसेना. दर खेपेला इथे टोचते, तिथे टोचते, आणि दर खेपेला मुलगा त्यांना घेऊन सीमा ओलांडून हजर. कवळी पहिल्याच खेपेला चपखल बसली होती, असं त्या आता कबूल करतात.

असो. समुद्राचं सांगत होते. संध्याकाळी बोटीच्या कठड्याशी उभं राहिलं की पाणी आणि आभाळ यांच्यातली रेघच पुसली जाते, असं तो म्हणतो.

परतीचं मी काही आखलेलं नाही. रस्ता तोच आहे, एव्हाना तुला पाठ झालेला असेल.

आता वाचून पाहिलं तर "तुला" असं लिहिलंय, "आपल्याला" नाही. खोडत नाही.

ताई, त्याने विचारलं आणि मी हो म्हटलं. तिथेही दातांचं काम मिळेल. सरळ रस्त्याने गेलं तर ते गाव फार लांब नाही. एवढी वळणं मीच मुद्दाम घातली आहेत. आई गेल्यावर तू मला पहाटे झोपेतच उचलून दुधाच्या गाडीत ठेवायचीस. कॅनच्या खडखडाटात मला काय गाढ झोप लागायची! त्या गाडीतून एकदम उतरायला जमणार नाही मला. हळूहळू उतरव.

तुझी,
बारकी


मंगळवार, १९ मार्च

चि. बारके,

आशीर्वाद. पत्र कधीच पोचलं. उत्तर मुद्दाम दिलं नाही. रागावले होते. रागाच्या भरात गाडी धुतली, आतून-बाहेरून. मग लक्षात आलं की धुतली म्हणजे जायचं ठरलंच.

मला कळलं नव्हतं असं समजू नकोस. एकच कवळी वर्षभर दुरुस्त करावी लागते, म्हणजे एक तर तुला काम येत नाही, नाहीतर दुखणं दाताचं नाही. तुला काम येतं.

तळ्यावर एक मुक्काम पुरायचा नाही, वाढव. बाहुल्यांच्या गावात मी गाडीत बसेन, मला ते चेहरे बघवायचे नाहीत. रडायचं असलं तर घाट सोडून कुठेही रड, घाटात मला समोर बघावं लागतं.

परतीची काळजी तू करू नकोस. गाडी मी चालवते, गाडी मला चालवत नाही.

ताई


शुक्रवार, १० मे, परतीच्या वाटेवरून

चि. बारके,

आशीर्वाद. तुम्हा दोघांना आणि विहीणबाईंना. त्यांना सांग, आता खुशाल हसा, टोचत असेल तरी.

निघताना मी मागे वळून पाहिलं नाही, त्याचा तुला राग आला असेल. आरशात दिसत होतीस.

खरं सांगू, जाताना मला सगळ्यात जड गेला तो पुलावरचा कचेरीवाला. त्याने पासपोर्ट उघडून सहज विचारलं, "दोघी परत कधी?" तू माझ्याकडे बघितलंस. लहानपणी बोलायची वेळ आली की बघायचीस, तश्शी. मी म्हटलं, "ही राहायला चाललीये. परत मी एकटीच येणार." तोवर आपल्यात इतकं बोलणं झालं, पण हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. पुढे जर्दाळूच्या बागा लागल्या, तू बोट दाखवत होतीस आणि मी हो-हो म्हणत होते. मला एक झाड दिसलं असेल तर शपथ.

म्हणून परतताना त्या बागांपाशी थांबले. बघून घेतल्या. तिथून पुढे हट्टाने सरळ घरी जायचं ठरवलं होतं, पण एका फाट्यावर चुकले. चुकले म्हणजे पाटी वाचली आणि तरी वळले. खाली दरीत नदीकाठी बायका कापड रंगवत होत्या. लांबच लांब पिवळे पट्टे खडकांवर वाळत पडलेले. मी नुसती बघत उभी, तर एकीने ओल्या पट्ट्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि खुणेने सांगितलं, घट्ट धर. दुपारभर धरलं. त्यांची भाषा मला येत नाही, त्यांना माझी नाही. हसायचं तेव्हा मात्र सगळ्या एकदम हसलो.

त्यांनी झोपायला माडी दिली. बारके, जन्मभर दुधाच्या वेळेला उठले मी. आज डोळे उघडले तेव्हा ऊन पार उशीपर्यंत आलं होतं. क्षणभर कळेना मी कुठे आहे. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. पडून राहिले.

आता निघते आहे. इथून एक रस्ता घराकडे जातो. दुसरा डोंगराच्या पलीकडे जातो, तिथे काय आहे ते मी विचारलेलं नाही.

पत्राचं उत्तर पाठवायची घाई करू नकोस. पाठवायचं कुठे, ते मी कळवीन.

मुक्काम अजून ठरायचा असलेली,
तुझी ताई