म्बालेच्या स्टँडवरचं युद्ध

मंगळवार, ९ जानेवारी
डोंगर चढण्याचा सीझन सुरू. आज म्बालेच्या स्टँडवर तीन गोरे उतरले. पाठीवर पोत्याएवढ्या सॅका. डोंगराच्या पायथ्याशी, बुडादिरीला जायचं होतं. माझ्या व्हॅनमध्ये बसवलं. म्हटलं, आणखी अकरा जण आले की लगेच निघू. बराच वेळ बसले, मग उतरले आणि समोरच्या मोटरसायकलवाल्यांच्या मागे बसून भुर्र. प्रवाशांना हल्ली धीरच नाही.

मोटरसायकलवाल्यांचा म्होरक्या मुडोमा. लाल हेल्मेट, तेही डोक्यापेक्षा कोपरातच जास्त. त्याला समजवायला गेलो. म्हटलं, बाबा रे, या रस्त्यावर मी वीस वर्षं गाडी चालवतोय. तो म्हणाला, "म्हातारबा, त्यातली पोचलात किती वेळा?"

मी त्याची कॉलर धरली. त्याने कानाखाली वाजवली. एकच. दुसरीची संधी मी त्याला दिली नाही, कारण तोवर मी व्हॅनपाशी पोचलो होतो.

निश्चय: महिनाभरात स्टँड साफ करायचा.

शुक्रवार, १२ जानेवारी
गाल अजून सुजलेला. बायकोला, म्हणजे खायन्झाला, सांगितलं की दाढ दुखते. ती म्हणाली, दाढदुखीत गालावर पाच बोटं उठलेली पहिल्यांदाच बघते.

वांदेबाला योजना सांगितली. वांदेबा तिचा धाकटा भाऊ, माझा कंडक्टर. अंगाने दांडगा, स्वभावाने गाय. मुडोमाच्या मोटरसायकलचे टायर फाडायचे. तो म्हणाला, "दाजी, आधी बोलून बघू ना." म्हटलं, बोलून झालंय, हा बघ गाल. मी स्वतःच गेलो असतो, पण माझा चेहरा फार ओळखीचा आहे.

रविवार, १४ जानेवारी
टायर फाडले. कामगिरी फत्ते. फक्त मोटरसायकल मुडोमाची नव्हती, चर्चच्या पाद्रीबाबांची होती. त्यांचंही हेल्मेट लाल. आज ते प्रार्थनेला चालत आले, घामाघूम, आणि दुसऱ्याच्या वस्तूची नासधूस करण्याच्या पापावर बोलले. सगळा वेळ माझ्याकडेच बघत होते. त्यांना माझ्याबद्दल पहिल्यापासून आदर आहे.

बुधवार, १७ जानेवारी
टायर खरे कुणाचे फाडायचे होते, ती बातमी फुटली. मुडोमाच्या माणसांनी दगड घालून माझ्या व्हॅनची पुढची काच फोडली. मी आत होतो. कपाळावर टाके पडले. घाबरलो वगैरे नाही. सीटखाली वाकलो होतो ते चावी शोधायला. चावी जागेवरच होती, ते नंतर लक्षात आलं.

वांदेबा मात्र चवताळला. एकाला उचलून गटारात फेकलं, दुसऱ्याचं नाक फोडलं. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. उत्तम. प्रवासी सगळे उतरून मोटरसायकलींवर गेले, पण तो मुद्दा वेगळा.

दुपारी त्या नाक मोडलेल्याची आई स्टँडवर आली. शिव्या नाहीत, काही नाही. वांदेबासमोर नुसती उभी राहिली. त्याने चपाती-अंडं तसंच टाकलं. म्हणाला, "दाजी, तो माझ्या वर्गात होता. बास करू या." म्हटलं, आत्ता बास केलं तर त्यांना वाटेल आपण भ्यालो.

निश्चय: कोयता घ्यायचा. फक्त दाखवायला.

शनिवार, २० जानेवारी
सविस्तर लिहिलं पाहिजे.

सकाळी दोन गोऱ्या मुली उतरल्या. एकीच्या सॅकचा एक पट्टा मी धरला, दुसरा मुडोमाने. ती ओरडत होती, सोडा म्हणत होती. तिच्या भल्यासाठीच मी सोडत नव्हतो. सॅक टर्रकन फाटली. कपडे, भांडी सगळं रस्त्यावर. मुडोमा हसला. मी सीटखालचा कोयता काढला आणि उगारला. दाखवायलाच. पण त्या लोकांना अशा गोष्टी कळत नाहीत. सगळेच्या सगळे धावून आले. हातात साखळ्या, लोखंडी पाने, एकाकडे सायलेन्सरचा पाइप.

कोयता मी वांदेबाच्या हातात दिला. जबाबदारी तरुणांवर टाकावी या मताचा मी आहे. स्वतः व्हॅनमध्ये शिरून सगळ्या दारांना आतून कड्या घातल्या. गाडी वाचली तर पुढचं सगळं. बाहेर मारामारी चालली होती. साखळीचा आवाज लोखंडावर वेगळा आणि माणसावर वेगळा येतो. कुणीतरी सरकतं दार बडवत होतं, दोन्ही हातांनी. शत्रूच असणार. काचेवर रक्ताचा पंजा उमटला आणि घसरत खाली गेला.

मी गाडी काढून पोलीस आणायला निघालो. चौकी स्टँडच्या मागेच आहे, पण पुढच्या गावचे, सिरोन्कोचे पोलीस जास्त तत्पर, म्हणून तिकडे गेलो. तिथे आधी चहा घेतला. सकाळपासून पोटात काही नव्हतं ना.

रविवार, २१ जानेवारी
वांदेबा हॉस्पिटलमध्ये आहे. हात दोन ठिकाणी मोडला. साखळी डोळ्यावर बसली. डावा डोळा गेला, असं डॉक्टर म्हणाले.

स्टँडवर कळलं की कोयता त्याने उगारलाच नव्हता. गर्दीच्या पलीकडे फेकून दिला होता आणि म्हणत होता, थांबा, थांबा. त्याला हॉस्पिटलमध्ये मुडोमाने नेलं. मोटरसायकलवर पुढे घेऊन, मागून एकाने धरून. मुडोमाचा शर्ट रक्ताने भिजला होता म्हणे. म्हणजे शत्रू खचला.

खायन्झा माझ्याशी बोलत नाही. मुडोमावरचा राग असणार.

गुरुवार, २५ जानेवारी
हॉस्पिटलमध्ये गेलो. केळी नेली. वॉर्डाबाहेर बाकावर मुडोमा बसला होता, हेल्मेट मांडीवर.

आत खायन्झा भावाला चमच्याने पेज भरवत होती. त्याचा अर्धा चेहरा पट्टीत. मी घरून चार शब्द तयार करून नेले होते, शौर्याबद्दल. सुरुवात केली. त्याने हात वर केला, धड होता तो.

"दाजी," म्हणाला, "मी दार ठोकत होतो."

म्हटलं, इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही रे.

"इंजिन बंद होतं. मी पडल्यावर तुम्ही चालू केलंत."

खायन्झाने त्याची हनुवटी पुसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "केळी बाहेर मुडोमाला द्या. तो सकाळपासून उपाशी बसलाय."

दिली. त्याने घेतली. एक सोलून खाल्लं आणि बाकावर जरासा सरकला. एका माणसापुरती जागा झाली. मी उभाच राहिलो.