एक्केचाळीस घरं आणि एक मोबाइल नंबर

पोलादपूर, सोमवार

आदरणीय श्रीपतमामांस,

सुहासचा सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा आणि मामींचा दमा बरा असेल. मी ठीक (जेवण जातं, झोप येत नाही). फोन केला असता, पण तो राहीलच्या दुकानावर येतो आणि सगळी वाडी ऐकते, म्हणून एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी देतोय.

डोंगराला भेग पडल्यापासून वाडीतल्या एक्केचाळीस घरांना आमची संस्था खाली सपाटीवर नवी घरं देणार आहे, त्यात तुमचंही. त्या यादीतून चाळीस घरं गेली, मामा, आणि घालवणारा तुमचा भाचा. साहेबांना यादी एक्सेलमधून डेटाबेसमध्ये हवी होती, तीही देणगीदार पाहुणे यायच्या आत. मी म्हटलं, आधी दहा नोंदी वेगळ्या तक्त्यात घालून बघू, प्रत्येक घराला स्वतःचा क्रमांक देऊ. साहेब म्हणाले, मोबाइल नंबर आहे की, तो माणसागणिक वेगळाच असतो. (साहेब पुण्याचे. तिथे कुत्र्यालाही स्वतःचा नंबर असेल.) मी मान डोलावली. कंत्राटी मान, तिला दुसरं काही येत नाही.

वाडीत रेंज फक्त राहीलच्या ओट्यावर, म्हणून सगळ्यांनी निरोपासाठी त्याचाच नंबर दिलेला. मला हे ठाऊक होतं, मी त्याच ओट्यावर वाढलो. तरी मशीनला मीच सांगितलं, की तोच नंबर पुन्हा आला तर जुनी नोंद पुसून नवी बसव. तिने इमानाने चाळीस वेळा पुसलं आणि हिरव्या अक्षरांत लिहिलं, 'एक्केचाळीस नोंदी यशस्वी'. आत किती उरल्या हे मोजायला अर्धं मिनिट लागलं असतं. आम्ही पेढे खाल्ले. मग 'एकच खरी यादी हवी' म्हणून साहेबांनी एक्सेलची फाइल माझ्याच हाताने उडवायला लावली, आणि तिची प्रत मी ठेवली नव्हती. उरलं शेवटचं नाव, हैबतीचं. तो सहा वर्षं मुंबईला, इथल्या घराला कुलूप. भेगेखाली झोपणारी माणसं यादीत नाहीत आणि कुलपाला घर मंजूर. मला माझीच शिसारी येते.

शुक्रवारी यादी कायम होणार. काल राहीलने फोनवर विचारलं, "सुहास, घराचा निरोप कोणालाच कसा नाय आला रे?" मी फोन ठेवून दिला.

तुमचा,
सुहास

ता.क. तुम्ही घरोघर फिरून नावं-नंबर लिहिलेली ती वही, जिच्यावरून मी एक्सेल भरलं आणि मग जी रद्दीत घाला म्हणालो होतो. तुम्ही माझं ऐकलं नसेल, अशी आशा आहे. गुरुवारपर्यंत पाठवा.

ता.क. दुसरा. वही मामींच्या हाती पाठवा, तुम्ही स्वतः येऊ नका. नंबर तुम्हीच चुकीचे लिहून आणलेत, असं मी साहेबांना सांगून बसलोय.