छाया : वाचक

४ नोव्हेंबर, मंगळवार

परत तेच! आगीचा माझा फोटो छापला आणि खाली — छाया : वाचक. मी वाचक? इतकी वर्षं बातम्यांचे फोटो काढतोय! डेस्कवरच्या सुबोधला फोन लावला. त्याला मी कधी भेटलेलोही नाही, सगळं व्हॉट्सॲपवर. म्हणे, "तुझं नाव कॉलममध्ये बसत नाही रे." शिवदास नाईकधुरे. मग काय, आडनाव कापू? पगार नाही, ओळखपत्र नाही. एक नाव तेवढं होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

खाली मोबाइलचं दुकान चालवणारा अल्पेश भेटला. रस्त्यात जरा काही झालं की शटर अर्धं ओढून मोबाइल वर करून धावतो आणि पेपरला फुकट फोटो पाठवतो. असल्यांमुळेच आमची वाट लागली! वर मलाच विचारतो, "चांगला फोटो कसा येतो रे, शिवा?" म्हटलं, "आधी फोटो, मग बाकीचं. तुला नाही जमणार. तू बघ्या आहेस, बघ्या!" हसला. डोकंच फिरलं माझं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

एकही फोन नाही. मरा!

८ नोव्हेंबर, शनिवार

सुबोधचा फोन. उद्या कांजूरमार्गला कचऱ्याच्या वासाविरुद्ध मोर्चा. "मोबाइलवर काढ ना, लगेच टाक." म्हटलं, कॅमेराच नेणार, आणि नाव हवं. "पान एकला लागला तर पूर्ण नाव. प्रॉमिस."

बायको म्हणाली, "त्याच्या प्रॉमिसवर जाऊ नकोस." कळतं मला. तरी जाणार.

९ नोव्हेंबर, रविवार

डाव्या हाताने लिहितोय. मोर्चात ढकलाढकली झाली. एक हवालदार खेकसला, "कार्ड कुठाय? नाही? मग मागे हो!" कोणीतरी छातीवर ढकललं. कॅमेरा फुटला, उजवं मनगट मोडलं. वर बघतो तर समोर मोबाइल धरून — अल्पेश! आधी फोटो काढला, मग मला उचलून रिक्षात घातलं. वाटभर शिव्या घातल्या त्याला. तो थंडपणे, "आधी फोटो, मग बाकीचं. तूच म्हणालास ना?"

प्लास्टर होईपर्यंत थांबला, हे खरं. राग काही गेला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

पान एकवर माझा फोटो. मी काढलेला नव्हे — माझाच. चांगला आलाय, च्यायला!

छाया : अल्पेश वैती. पूर्ण नाव.

वर ओळ : मोर्चात जखमी झालेला एक बघ्या.