यानाचे दार कोण ओढणार

मी, हिरामण हरिचंद्र भोईर, वय वर्षे अडुसष्ट, धंदा आधी कंपनीत फिटर आणि नंतर अवकाशयाने बांधणे, राहणार शिरगाव, बदलापूर पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही. दाब आहे तो छातीत, आणि तो कोर्टात धरत नाहीत असे कळले. आमच्या वकील संजीवनीताई यांनी कच्च्या मसुद्यात माझा धंदा 'सेवानिवृत्त' असा घातला होता, तो मी खोडला. या तालुक्यात यान बांधणारा दुसरा कोणी असेल तर त्याने पुढे यावे, मी त्याच्या पाया पडेन.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझा मुलगा भूपेश याने माझ्या सहीचा दुसरा कुठला कागद काढून दाखवला, तर तो आमच्या जागेवर डोळा असलेल्या बिल्डरने करून दिलेला आहे असे समजावे.

कलम १. मिळकत. वडिलांच्या वाटणीतून मला आलेली जागा, तीवरचे राहते घर आणि घरामागची पत्र्याची शेड. जागेच्या तीन बाजूंना टॉवर उभे राहिले आहेत. चौथी बाजू आम्ही. शेडमध्ये जे आहे त्याला भूपेश भंगार म्हणतो. ते यान आहे. केमिकल कंपन्यांनी काढून टाकलेली पिंपे, ड्रेनेजचे पाइप, अंड्यांचे ट्रे, फायबरचे पत्रे आणि उल्हासनगरच्या बाजारातून पोत्याने आणलेले मेलेले कीबोर्ड, एवढ्यातून मी ते उभे केले. आत लांब बोळ, कप्तानाची खोली, झोपायच्या पेट्या आणि चार सरकती दारे आहेत. अवकाशातल्या भुताच्या जेवढ्या स्वस्त फिल्मा या बाजूला निघाल्या, त्या सगळ्या याच बोळात निघाल्या. प्रत्येकीत तेच. यान लांब गेलेले, खाली कोणाचा आवाज पोचत नाही, आत काहीतरी शिरलेले, आणि माणसे एकेक करून कमी होतात. लोक हसायचे. मला मात्र ती गोष्ट पहिल्यापासून खरी वाटत आली. गावात भूत निघाले तर माणूस शेजाऱ्याचे दार वाजवतो. तिथे शेजारीच नाही, पळणार कुठे?

कलम २. हत्यारे. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल आणि पान्यांची पेटी अंबरनाथचा संतोष वेल्डर याला द्यावी. एकटा तोच नेलेली वस्तू पुसून परत आणतो. ग्राइंडर चालवताना तोंडाला फडके बांध, असे त्याला माझ्या वतीने बजावावे. मी बांधले नाही. फायबरच्या पत्र्याची धूळ माझ्या फुप्फुसात बसली आहे, असे अंबरनाथ पूर्वच्या डॉक्टरांनी छातीच्या फोटोवर बोट ठेवून दाखवले. दिवाळी बघेन का, असे मी विचारले तर ते पंख्याकडे बघायला लागले. भले गृहस्थ. खोटे बोलता येत नाही त्यांना.

कलम ३. राक्षसाचे मुंडके. हे उल्हासनगरच्या टेकचंद शेठला पोचते करावे. सायकलच्या ट्यूब आणि रबर यांचे आहे, डोळे नाहीत, जबडा उघडतो. या फिल्मांची कल्पना शेठचीच. कॅसेटचे दुकान चालेना तेव्हा माझ्याकडे येऊन म्हणाला, "साईं, जमीन पे बहुत भूत हो गए, अब भूत को ऊपर भेजो." माणूस हुशार आहे, पण हलकट. राक्षसाच्या आत सगळ्या फिल्मांत माझी बायको मालिनी होती. उंच, सडसडीत, वाकून भिंतीला धरून अशी चालायची की कॅमेरावाला पोरगासुद्धा मागे सरकायचा. सकाळी मोठ्या पातेल्यात साबुदाण्याची खळ शिजवून तीत हिरवा रंग घालायची, ती राक्षसाची लाळ. "वहिनी, लाळ जरा घट्ट करा," असे डायरेक्टर ओरडायचा. दुपारी मुंडके काढून मांडी घालून वरणभात खायची आणि पुन्हा मुंडके चढवून माणसे मारायला जायची. पडद्यावर नावे आली तेव्हा राक्षसापुढे तीन प्रश्नचिन्हे. मी जाब विचारला, तर शेठ म्हणतो, "लोगों को पता चला अंदर घरवाली है, तो डरेगा कौन?" मालिनी हसली होती. मी हसलो नाही, आजही हसणार नाही. मुंडके शेठच्या देव्हाऱ्यासमोर ठेवावे, आणि आत मालिनी हिरामण भोईर होती हे त्याच्या नातवंडांना सांगावे.

कलम ४. मालिनी. आता खरे लिहितो, कारण हे सगळे तिच्यासाठीच लिहायला बसलो.

तिला विसरण्याचा आजार आहे. मेंदू आकसत चालला आहे, औषध नाही. भूपेशचे नाव गेले, मुलीचे, उन्नतीचे, अधूनमधून येते, माझे नाव कधीच घेत नव्हती त्यामुळे ते गेले की नाही कळत नाही. पण राक्षसाची चाल तिच्या अंगात राहिली आहे. आणि एक गोष्ट राहिली आहे, तिच्यातच माझा जीव अडकला आहे. ती दार उघडत नाही. दारासमोर जाऊन उभी राहते आणि ते आपोआप सरकायची वाट बघते. मोरीचे दार, घराचे दार, कुठलेही. "अवो, दार उघरत नाय," म्हणते. कडी काढून दार ढकलून दाखवले तर घाबरते, मागे होते, कधी तिथेच कपडे खराब करते. ही बाई आयुष्यात कोणाला घाबरली नव्हती हो.

यानाची दारे मी दोरीने ओढायचो. फळीच्या मागे उभा राहून दोरी ओढायची आणि तोंडाने शूऽऽ करायचे, की दार सरकते. मुंडक्याला डोळे नसल्यामुळे मालिनीला दार उघडलेले दिसायचे नाही. म्हणून मी फळीवर टकटक करून हळूच म्हणायचो, "चल गं." त्यावर ती चालायची. आजही चालते. म्हणून मी तिला जेवायला, झोपायला, सगळ्याला यानात घेऊन जातो. मोरीच्या तोंडाशीसुद्धा एक सरकते दार बसवले आहे. टकटक झाली की तिचा चेहरा मोकळा होतो, बोळातून तरातरा जाते, पेटीत आडवी होऊन गाढ झोपते. तेवढा वेळ ती माझी मालिनी असते.

भूपेशने एकदा उल्हासनगरहून मोटर आणून बसवली. माणूस जवळ गेला की दार आपोआप सरकेल अशी. चांगल्या मनाने केले, हे नोंदवतो. दार सरकले. मालिनी उघड्या दारासमोर उभीच. फळीच्या मागे कोणी नाही हे तिला कळत होते. मग विठा नावाची बाई ठेवली. तिने दोन दिवस दोरी ओढली, तिसऱ्या दिवशी हसत सुटली, म्हणाली, "बाबा, तुमच्याबरोबर मीपण येडी होईन," आणि गेली. तिला दोष देत नाही.

कलम ५. संजीवनीताईंना मी विचारले की यान मालिनीच्या नावे केले तर? त्या म्हणाल्या, तिला सही कळत नाही, पालक म्हणून मुलगाच नेमला जाईल. भूपेशच्या नावे करून अट घातली तर? म्हणाल्या, अट घाला काका, पण दोरी रोज ओढली जाते का हे कोर्ट बघायला येणार नाही. ट्रस्ट केला तर? ट्रस्टलाही हात लागतात. एवढी शिकलेली बाई, ऑफिसात माझ्यासमोर डोळे पुसत बसली. मीच तिला पाणी दिले.

भूपेशशी मी भांडून झालो आहे. तो म्हणतो, "बाबा, तुम्ही गेल्यावर मी आईला रस्त्यावर टाकणार आहे का? टॉवरमध्ये फ्लॅट घेईन, चोवीस तास बाई ठेवीन." ठेवील, मला खात्री आहे. मुलगा नालायक नाही. फ्लॅटला लाकडी दारे असतील, बाई मोबाइलमध्ये बघत बसेल आणि मालिनी मोरीच्या दारासमोर उभी असेल. तिच्या या शेवटच्या मुक्कामाचे चित्र मला रोज दिसते आणि ते बघून मला रडू येते. लिहायला लाज नाही.

त्या फिल्मांत शेवटी एकजण वाचायचा. शेठचा हट्ट असायचा, एक तो बचना चाहिये. वाचलेली बाई पेटीत झोपायची, वर नावे यायची, लोक टाळ्या वाजवून घरी जायचे. मी त्यांना विचारायचो, हिला आता उठवणार कोण? यान चालवणारा नाही, बोलणारा नाही, पृथ्वी कुठल्या कुठे. वाचली म्हणता ती ही अशी वाचली? मला वाटायचे मी शहाणा प्रश्न विचारतो आहे. ती बाई माझ्याच घरात आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होते.

कलम ६. घर व जागा, शेडखालची जमीन सोडून, भूपेशला.

कलम ७. शेड, शेडखालची जमीन आणि यान माझी मुलगी उन्नती हिला, या विनंतीसह की मालिनी जिवंत आहे तोवर ते पाडू नये आणि दोरी ओढावी. एकदम हिसका द्यायचा नाही. आधी सावकाश, शेवटी भरकन. मग टकटक. मग "चल गं". मोठ्याने नको, तिला कोणी ओरडलेले चालत नाही.

वरील मजकूर लिहून ठेवला होता. आज रविवार, उन्नती अंबरनाथहून आली, म्हणून पुढचे जोडतो.

उन्नतीची सासू अंथरुणाला खिळलेली आहे, घर दोन खोल्यांचे, पोराची दहावी, आणि दवाखान्यात तिची पाळी कधी सकाळची कधी रात्रीची. हे सगळे मला माहीत होते. तरीही कलम लिहिले. दुसरे नाव कोणाचे लिहू?

तिने कागद यानातच उभ्याने वाचला. मालिनी दारासमोर उभी होती. उन्नती फळीच्या मागे गेली, दोरी ओढली, टकटक केली आणि म्हणाली, "चल गं." अगदी माझ्यासारखे, हळू. लहानपणी शूटिंगला माझ्या पायाशी बसायची, तिथे शिकली असणार. मालिनी तरातरा गेली. मला वाटले, झाले, आता मी सुखाने मरतो.

पेटीत आईला नीट झोपवून उन्नती बाहेर आली. संजीवनीताई आणि शेजारचे प्रमोद साक्षीसाठी येऊन बसले होते. दुसरा साक्षीदार अजून यायचा होता. संजीवनीताई आम्हाला रीत समजावत होत्या, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याची साक्ष घ्यायची नसते, घेतली तर त्याचा वाटा गेलाच म्हणून समजा. उन्नतीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग माझ्याजवळ येऊन बसली, माझा हात धरला. म्हणाली, "बाबा, दुसरी सही मी करते."

संजीवनीताई म्हणाल्या, "उन्नती, मी आत्ता काय सांगितलं ते कळलं ना?"

"कळलं ताई," ती म्हणाली.

मी पेन दिला.

कलम ७ प्रमाणे शेड व यान आता कोणालाच दिलेले नाही. यान पाडले जाईल, तिथेही टॉवर येईल, हे सर्वांना माहीत आहे. हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या समोर सही करून पुरे केले.

ठिकाण : शिरगाव, बदलापूर पूर्व
दिनांक : २१ सप्टेंबर २०२५

मृत्युपत्र करणार : (सही) हिरामण हरिचंद्र भोईर

साक्षीदार :
१. (सही) प्रमोद मधू ठोंबरे, राहणार शिरगाव
२. (सही) उन्नती, राहणार अंबरनाथ पूर्व, मृत्युपत्र करणाऱ्याची मुलगी