केळीचा चीक

आई, तुझी अबोली साडी शनिवारी मी रंगवायला नेली आणि तशीच परत घेऊन आले. तू असतीस तर आधी हेच विचारलं असतंस की धडधाकट साडी रंगवायची कशाला. सांगते. तुझ्या नातीला मंडळाच्या गणपतीत नाचायचंय, तिला परकर हवाय, आणि तुझ्या साड्यांपैकी माझ्याकडे ही एकच उरली आहे. पण पदरावर तो डाग. नात मला म्हणाली, "आई, इट लुक्स डर्टी." तिचे बाबा म्हणाले, "अगं, ड्राय क्लीन करून बघ ना." करून झालं होतं. तो काय जातोय!

तो कसा पडला ते तू सोयीस्करपणे विसरली असशील. स्वयंपाकघरात तू विळीवर केळफूल चिरते आहेस, हातांना तेल चोपडलेलं. मी जवळ आले की ओरडतेस, "चीक लागेल, लांब हो! कपड्याला लागला तर जन्मात जायचा नाही!" आणि ओरडता ओरडता स्वतःच पदराला हात पुसतेस. तेव्हा काही दिसलं नाही. धुतल्यावर चार बोटं काळपट उमटली. मी हसले म्हणून धपाटाही मलाच. पुढे ती साडी नेसून तू शाळेत शिकवायला जायचीस, पदर असा खोचून की डाग आत राहील.

इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये ग्वाटेमालाहून माया जमातीच्या बायका आल्या होत्या. गावातल्या विणकर बायकांनी मिळून काढलेली सहकारी संस्था. कमरेला पट्टा बांधून, अंगाच्या ओढीनं माग ताणून विणतात, आणि रंगही झाडपाल्याचेच, घरी उकळलेले. बाहेर हिरवळीवर निळीचं पिंप होतं, लोक आपले रुमाल, टीशर्ट त्यात बुडवून घेत होते. गडद निळीत डाग गडप होईल असा माझा हिशेब. पिंपाशी असलेली बाई माझ्याहून थोडी मोठी. तिनं पदर पसरला, डागावर स्वतःची चार बोटं ठेवून पाहिली, आणि हसून काहीतरी विचारलं. तिचं स्पॅनिश इंग्रजीत सांगायला कॉलेजातली एक मुलगी होती. "केळीच्या झाडाचं काही चिरत होतं का कुणी?"

होतं, पण हिला कसं कळलं? या देशात केळी हवी तेवढी मिळतात, पण केळ कुणी पाहिलेली नसते. तिनं फोटो दाखवला: बायका केळीचा बुंधा कापून पाण्यात टाकताहेत. रंगाआधी सूत त्या पाण्यातून काढलं की रंग पक्का बसतो म्हणे. ज्या चिकापायी मी धपाटा खाल्ला, तो या बायका मुद्दाम लावतात!

"डाग झाकला जाणार नाही," कॉलेजातली मुलगी म्हणाली. "त्या म्हणतात, तिथेच रंग सगळ्यात घट्ट धरेल, बोटं जास्त उठून दिसतील. बुडवू का?"

साडीचा अबोली रंग तर कधीच विटलाय. तुझं असं त्या कापडावर जे काही उरलंय ते ही चार बोटं, आणि मी तीच झाकायला निघाले होते. मला एकदम रडू आलं. "नको," मी म्हटलं, "ती माझ्या आईची बोटं आहेत." मुलीनं सांगितल्यावर बाईनं मान हलवली आणि डाग आत जाईल अशी घडी घालून साडी माझ्या हातात दिली.

परकर साडीच्या मधल्या कापडातून निघेल, पदर अख्खा ठेवणार आहे. "सो वी आर कीपिंग द डर्टी पार्ट?" नात म्हणाली. हो म्हटलं.

हे लिहिलेलं कुठे धाडायचं नाहीच, पदराच्या घडीत राहील. फोनकार्डावर मावशीशी बोलते तेव्हा ती दर वेळी म्हणते, अगदी ताईच बोलतेय असं वाटतं. मी हो हो करते. पण खरं सांगू, आई? मला ते ताडून बघता येत नाही. "चीक लागेल, लांब हो" यातला शब्द न् शब्द आठवतो, पण ऐकू येतो तो माझ्याच आवाजात.