टेबलावरची मूठ

शनिवार संध्याकाळ, सोमाटणे

उद्या वराळ्याच्या सभेत या मिनिमल टेक्नोविरुद्ध बोलायचंय. मातीशी नातं नसलेलं यंत्रांचं संगीत, लोणावळ्याच्या बंगल्यांतून मावळावर लादलेलं! मुद्दा पक्का आहे. म्हणजे, होता.

आज लेकीनं, रुबीनानं, स्वतः केलेली तसलीच एक धून ऐकवली. नुसतं धप, धप, मध्येच कुणाचं तरी खाकरणं, मग पुन्हा धप. मी गरजलो, "यात मावळ कुठाय?"

"अब्बा, ही तुमची मूठ आहे. कार्ल्याच्या भाषणात टेबलावर आपटलेली. मी फक्त शब्द काढले."

शब्द काढले! माझे!

वर शेजारचे आबा म्हणतात, "आता कसं, लय पटतंय बगा." माझ्या भाषणात हेच आबा घोरतात. आज या धपधपीवर ठेका धरलेला त्यांचा पाय थांबेना.

मग उद्या बोलू काय? मातीशी नातं नाही म्हणावं, तर ती मूठ कुणाची?

तरी हट्टानं सरावाला बसलो. "बंधूंनो!" म्हणत मूठ आपटली. आतून रुबीना ओरडली, "अब्बा, परत एकदा! रेकॉर्ड करते."

मी खाकरलो. आणि परत आपटली, जरा जोरातच.